पाणी पाजलेला पंजा

आमच्या घरात त्या वस्तूला पंजा म्हणतात. डहाणूची थेरपिस्ट तिला स्प्लिंट म्हणते, कारखान्यातले लोक 'मॅडमचा तो प्रोजेक्ट' म्हणतात. पंजा हे नाव आईने पहिल्याच दिवशी ठेवलं आणि तेच चिकटलं.

पंजा म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकची, पुठ्ठ्याएवढी जाड शीट. हाताच्या मापाने कापायची आणि कढत पाण्यात सोडायची. थोड्या वेळाने ती पाण्यात दिसेनाशी होते, इतकी पारदर्शक होते. मग चिमट्याने उचलायची, पुसायची, सोसवेल इतपत निवली की माणसाच्या हाताखाली धरायची आणि बोटं हव्या त्या ठेवणीत दाबून बसायचं. हळूहळू कडेने ती दुधाळ व्हायला लागते, दुधाळपणा आत सरकत जातो, आणि पूर्ण पांढरी झाली की समजायचं, टणक झाली. तोपर्यंत हात सोडायचा नाही.

तो हात माझ्या बाबांचा.

बाबा डायमेकर. आमच्या वाढवण-चिंचणीच्या पट्ट्यात हे काम घरोघरी चालतं, पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची. सोनाराने त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबला की पानं, फुलं, मोर, काय असेल ते सुलटं उठतं. बाबांनी कोरलेले मोर कुठल्या कुठल्या गावच्या बायकांच्या कानांत आहेत, आणि माझ्या आईच्या कानांत साधे खडे. या विषयावर आमच्या घरात भरपूर बोलणं झालेलं आहे.

खिडकीपाशी त्यांचं बाकडं. त्यावर छिन्न्यांची रांग, प्रत्येकीचं तोंड वेगळं. एक उचलायची, दोन ठोके, खाली ठेवायची, दुसरी उचलायची. दिवसभर तेच. लहानपणी मी शेजारी बसून अभ्यास करायचे तेव्हा त्या उचलठेवीचा आवाज कानावर असायचा आणि तो थांबला की मी मान वर करून बघायचे, बाबा उठले की काय.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तो आवाज थांबला. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं. बोलणं काही आठवड्यांत बरंचसं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र मूठ वळून बसला तो बसलाच.

आम्हाला आधी वाटलं, मूठ आवळतेय म्हणजे ताकद येतेय. आई तर शेजारणीला कौतुकाने सांगायची, "यांची पकड बघ किती घट्ट!" थेरपिस्टने ते कौतुक एका वाक्यात संपवलं. माझ्याहून लहान मुलगी, पण स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "काका, ही मूठ तुम्ही वळत नाही आहात. ती आपोआप वळतेय. धरणं आधी येतं, सोडणं शेवटी. बोटं तुमच्या मनाने उघडली, त्या दिवशी मला फोन करा." आणि माझ्याकडे वळून म्हणाली की मूठ अशीच राहिली तर सांधे त्याच ठेवणीत आखडतील, मग मन झालं तरी बोटं उघडायची नाहीत. तोवर स्प्लिंट घालून बोटं उघडी धरायची, आणि जसजशी सैल होतील तसतसा तिला पुन्हा पुन्हा नवा आकार द्यायचा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "छिन्नी खाली ठेवता येईल का?" उचलता येईल का, असं नाही विचारलं.

घरी त्या मुठीत काय वाट्टेल ते अडकायचं. चमचा, टॉवेल, रिमोट. एकदा आईचा पदर अडकला. मी एकेक बोट सोडवत होते तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही तरुण होतात तेव्हा कधी धरला नाही पदर. आता सोडवता सुटत नाय." बाबा अर्ध्या तोंडाने हसले. त्या हसण्याने मला रडू आलं आणि मी उठून विनाकारण मोटार चालू करून टाकी भरायला लागले.

आता माझं सांगते. मी तलासरीच्या बाजूला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लॅब सांभाळते. आम्ही दाणा बनवतो, ज्यापासून पुढे लोक क्रेट, बादल्या, पाइप काढतात. डहाणूत भाड्याने राहते, सकाळी गंजाडच्या रस्त्याने हायवे गाठते, आणि सुट्टीच्या दिवशी वाढवणला. थेरपिस्टची शीट मुंबईहून यायची आणि कधी येईल याचा नेम नसायचा. मी तिचा तुकडा बघितला आणि ओळखला. पॉलिकॅप्रोलॅक्टोन. तोंड भरून नाव आहे, पण स्वभावाने गरीब: साठ अंशांच्या आतच वितळतं. आमच्या कपाटात त्याचं सॅम्पल धूळ खात पडलं होतं. लॅबच्या प्रेसवर मी शीट काढली, थेरपिस्टने वाकवून, ओढून, स्वतःच्या हातावर लावून बघितली, आत सुती अस्तर लावायला सांगितलं आणि बाबांच्या हातावर बसवली. छान बसली.

पुढचा आकार आईने घरीच द्यायचा असं ठरलं, कारण दर वेळी बाबांना डहाणूला आणणं म्हणजे रिक्षा, पायऱ्या आणि त्यांची चिडचिड. आई शिकली पटकन. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईला प्लॅस्टिकचं काय कौतुक!

आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

थेरपिस्टने बसवलेला पंजा टिकायचा. आईने घरी बसवलेला पंजा आठवडाभरात मऊ पडायचा. बोटांखालची बाजू खाली झुकायची, एक कड मुरडायची. उन्हाळा लागला होता, बाबांची खोली पत्र्याची, दुपारी तिथे बसवत नाही. पंजा झुकला की बोटं पुन्हा आत वळायची आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जायची. मी व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि आईवर ओरडायचे. "पाणी पुरेसं गरम करतेस ना? पूर्ण पारदर्शक झाल्यावरच काढतेस ना?" आई म्हणायची, "तुझा मालच कच्चा. मी काय करू?"

मला ते लागलं. लॅबमध्ये त्याच शीटच्या पट्ट्या मी गरम करून, थंड करून, ओव्हनमध्ये टांगून, खाली वजन लावून बघितल्या. दुपारच्या पत्र्याखाली असते तेवढ्या उष्णतेतही त्या उभ्या राहत होत्या. त्याच मालाची शीट घरी गेली की मान टाकायची.

एकदा मधल्याच वारी वाणगावला एका व्यापाऱ्याकडे काम निघालं. ते आटोपून न कळवता घरी गेले. ओटीवर शेजारचे दोघे-तिघे गावात होऊ घातलेल्या बंदराच्या मीटिंगबद्दल तावातावाने बोलत होते. मी आत गेले तर आई नुकताच पंजा बसवत होती. शीट अजून काचेसारखी होती. आणि बाबांनी डाव्या हाताने खूण केली, आईने बाजूची बालदी पुढे सरकवली, आणि दोघांनी मिळून तो हात पंजासकट बालदीत बुडवला. बालदीत फ्रिजमधल्या बर्फाचे खडे तरंगत होते.

"हे काय चाललंय?" माझा आवाज ओटीवर गेला असणार, कारण बंदराची चर्चा थांबली.

"काय म्हणजे?" बाबा शांतपणे म्हणाले. "पाणी पाजतो."

कोरून झालेला डाय भट्टीत लालबुंद तापवायचा आणि एकदम थंडात बुडवायचा, म्हणजे पोलाद कडक होतं. याला पाणी पाजणं म्हणतात. किती तापवायचं, केव्हा बुडवायचं, हे बाबांना रंगावरून कळायचं. त्यांनी पाणी पाजलेला डाय फुटला किंवा बसला असं मी कधी ऐकलं नाही. आता आईने हातावर गरम, मऊ वस्तू बसवली तर तिला पाणी पाजल्याशिवाय ती कडक कशी होणार, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मते मी शिकलेली मुलगी हे एक सांगायला विसरले होते आणि त्यांनी ते गुपचूप सांभाळून घेतलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी आईला म्हटलं.

"त्यात सांगायचं काय? गरम माल थंड करतो तसा केला."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि तावातावाने समजवायला लागले. प्लॅस्टिकचं उलटं असतं, बाबा. यात लांबच लांब साखळ्या असतात, कढईतल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या. हळू थंड झाल्या तर त्यांना घड्या घालून नीट ओळीत बसायला वेळ मिळतो. त्या ओळी जमल्या की शीट पांढरी होते, टणक होते. तुम्ही बर्फात बुडवलीत की वरच्या वर गोठते, साखळ्या जिथे असतील तिथे अडकतात. ज्या थोड्या ओळी होतात त्या कच्च्या, घाईतल्या, दुपारी पत्रा तापला की आधी त्याच सैल पडतात. आणि कडा मुरडतात त्या एक बाजू आधी थंड झाल्यामुळे.

बाबांनी हात बालदीतून बाहेर काढला. पंजातून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे पाणी पाजायचं नाय," ते म्हणाले.

"नाही."

"बरं." आणि खिडकीकडे, त्या झाकून ठेवलेल्या बाकड्याकडे बघत राहिले.

मी जिंकले होते आणि मला अगदी वाईट वाटत होतं. त्यांच्या धंद्यातलं दुसरं काहीच त्यांना करता येत नव्हतं. छिन्नी नाही, हातोडी नाही, भिंग डोळ्याला लावायचं तर धरणारा हात नाही. एवढं एक, तापलेली वस्तू नेमक्या क्षणी पाण्यात बुडवणं, त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते करताना त्यांचा चेहरा कसा होता ते मी आत येताना बघितलं होतं. कामात असलेल्या माणसाचा चेहरा. तो मी घालवला.

कारखान्यात परत जाताना रस्ताभर मी स्वतःशीच भांडत होते. आणि चारोटीच्या अलीकडे कधीतरी मनात आलं, बाबांची सवय बदलण्यापेक्षा माल बदलला तर? बर्फात बुडवलं तरी ओळीत बसेल असा माल?

कारखान्यात त्या वेळी नॅनोक्लेचं एक पोतं आलं होतं. चिकूचे क्रेट उन्हात ठेवले की तळ झुकतो म्हणून शेठने चाचणीसाठी मागवलेलं. नॅनोक्ले म्हणजे मातीच, पण खास प्रक्रिया केलेली. तिचा कण म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा, आणि एकेक पत्ता इतका पातळ की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही. हे पत्ते प्लॅस्टिकमध्ये सुटे सुटे पसरले तर साखळ्यांना टेकायला जागा मिळते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात ना, त्या दोऱ्यावर खडे धरतात, तसंच. दोरा नसेल तर पाक बराच वेळ नुसताच थांबून राहतो. इथे दोऱ्यांऐवजी अगणित पत्ते, म्हणून ओळी लवकर धरतात, थंड होण्याची घाई असली तरीही.

शेठना विचारायला गेले. ते उंबरगावचे, गुजराती-मराठी मिसळून बोलणारे. म्हणाले, "बेन, आपण क्रेटचा दाणा करतो. हॉस्पिटल कधीपासून काढला?" मी काय ते सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावरचा दाणा चाळवत बसले, मग म्हणाले, "छोटी मशीन जेवणाच्या सुट्टीत खाली असते. पप्पांना माझा नमस्कार सांग."

पहिली शीट वाईट निघाली. माती सुटी झालीच नव्हती, गुठळ्या गुठळ्या. घावनाच्या पिठात गुठळ्या राहिल्या तर घावन जसं तिथेच फाटतं, तशी शीट प्रत्येक गुठळीपाशी तडकत होती. मग माती आधी नीट वाळवली, थोड्या मालात घट्ट कालवून घेतली आणि ते कालवण बाकीच्या मालात सोडलं. मग वाटलं, माती वाढवली तर आणखी बरं. वाढवली, तर उलटंच. इतकी गर्दी झाली की साखळ्यांना हलायलाच जागा राहीना, शीट ठिसूळ. माझा राग नाकावर असतोच, त्या दिवसांत तो नाकावरून खाली उतरलाच नाही. मशीनवरचे लोक मला बघून वाट सोडायचे.

अखेर एक शीट बरी वाटली. तिचा कणभर तुकडा चिमुकल्या डबीत घालून डीएससीच्या यंत्रात ठेवला. हे यंत्र वस्तू तापवत नेतं, मग थंड करतं, आणि ती कुठे उष्णता पिते, कुठे सोडते त्याची रेघ काढतं. माझी भाबडी आशा अशी की माती घातल्यावर वितळण्याचं टोक वर सरकेल, म्हणजे बाबांच्या पत्र्याची काळजीच मिटेल. टोक जवळजवळ होतं तिथेच. माझं तोंड उतरलं. मग थंड होतानाची रेघ आली. साधी शीट बरीच निवल्यावर कुठे ओळीत बसायला लागायची. ही त्याच्या कितीतरी आधी, चांगली गरम असतानाच बसायला लागली होती. वितळायची तिथेच वितळणार, पण उभी राहायला लगेच. मी यंत्र बंद केलं, एक पट्टी गरम पाण्यातून काढून सरळ बर्फाच्या पाण्यात टाकली, तशीच ओव्हनमध्ये वजन लावून टांगली. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, पट्टी झुकली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

थेरपिस्टने ही शीटही आधी तपासली. ती थोडी पिवळसर होती. आई म्हणाली, "माती घातलीस ना, दिसतेच." कापली, कढत पाण्यात सोडली. ही अगदी काचेसारखी होत नव्हती, धुक्यातून बघितल्यासारखी झाली. हातावर बसवली, मी बोटं दाबून धरली.

"आई, बालदी आण," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पाणी नाय ना पाजायचं?"

"याला चालतं. पण केव्हा बुडवायचं ते तुम्ही सांगा."

ते शीटवर वाकले. डायचा रंग बघायचे तसे डोळे बारीक करून बघत राहिले. कडेला दुधाळ रेघ उमटली आणि ते म्हणाले, "आता." आम्ही तिघांनी मिळून हात बालदीत बुडवला. बाहेर काढला तेव्हा पंजा पिवळट पांढरा, टणक. बाबांनी डाव्या हाताच्या नखाने त्यावर टकटक करून ऐकलं.

"बघ," ते आईला म्हणाले, "पाणी पाजल्यावर कसा झाला!"

मी मान डोलावली. त्या मातीची सगळी गोष्ट माझ्या पोटात होती आणि मला ती सांगावीशी वाटली नाही. किती आनंद झाला होता मला!

तो पंजा टिकला. दुपारच्या पत्र्याखालीही टिकला. मग दर सुट्टीला मी स्वतः नवा आकार द्यायला लागले, बोटं आणखी थोडी उघडी, अंगठा आणखी थोडा बाहेर. आईला जमत नव्हतं असं नाही. मलाच ते काम हवं होतं. आमच्याकडे बापलेकीने हात धरून बसायची रीत नाही. मी शाळेत पहिली आले तेव्हाही बाबांनी डोक्यावर टपली मारली होती, तेवढंच. आता पंजा बसवताना त्यांचा तळवा माझ्या तळव्यात असायचा आणि त्याला कारण होतं. कारण मात्र फार लवकर संपायचं. साधी शीट असती तर कितीतरी वेळ बसता आलं असतं. मी मेहनत करून नेमका तोच वेळ कमी केला होता.

पंजा काढल्यावर आणि बसवण्याआधी एक व्यायाम असायचा. मी माझा हात त्यांच्या मुठीत द्यायचा, त्यांनी धरायचा, मग सोडायचा प्रयत्न करायचा. धरणं लगेच व्हायचं. सोडणं म्हणजे कपाळाला घाम, मानेच्या शिरा ताठ, आणि बोटं जागची हलायची नाहीत. मग मी एकेक बोट उलगडून माझा हात काढून घ्यायचे. "पुढच्या वेळी," मी म्हणायचे.

परवाच्या सुट्टीला गेले. आई मागे बोंबील वाळत घालत होती. गॅसवर पाणी तापत होतं, शीट कापून तयार होती. पंजा काढला, माझा हात त्यांच्या हातात दिला. मूठ मिटली. मी नेहमीसारखं, "सोडा बाबा," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले, कारण त्यांची ती धडपड मला बघवत नाही.

हाताला काहीतरी वेगळं जाणवलं. करंगळी आधी गेली. मग तिच्या शेजारचं बोट. मग सगळी, हळूहळू, दुधाळपणा सरकतो तशी. माझा हात तसाच होता, पण त्याला कोणी धरलेलं नव्हतं.

बाबांनी माझा हात सोडला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. मला ओरडायचं होतं, आईला हाक मारायची होती, थेरपिस्टला फोन करायचा होता. यातलं काहीच झालं नाही. मी नुसती रडत बसले.

"रडतेस काय, बाय," बाबा म्हणाले. "परत दे हात."

मी दिला. त्यांनी धरला, आणि सोडला. पाणी उकळून आटत होतं. आई आत येईपर्यंत आम्ही दोघं तेवढंच करत बसलो होतो.